पाणकोटची बत्ती

आरोही दुपारी तीनला येते म्हणाली होती आणि बरोबर तीनलाच आली. सुगंधाबाई तेव्हा गुडघ्यांना तेल लावून पाय लांब करून बसल्या होत्या. उठायचं जिवावर आलं, म्हणून त्यांनी बसल्याजागेवरूनच हाक दिली, "ढकल गं, उघडंच आहे."

बेव्हर्ली पार्कमधल्या त्या छोट्या फ्लॅटमध्ये दुपारी त्या एकट्याच असायच्या. मुलगा दिपेश लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत मेकॅनिक, सून नेहा पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर, नात दिव्या कॉलेजात. सुगंधाबाईंना एकोणसत्तर पूर्ण झाली होती. नवरा, बाबाजी शिगवण, जाऊन पाच वर्षं झाली होती, आणि ही मुलगी त्यांच्याचबद्दल विचारायला आली होती.

आरोही जेसल पार्कला राहायची. जुन्या किल्ल्यांवर काम करणाऱ्या एका संस्थेत होती. भाईंदर पश्चिमेच्या टोकाला, खाडीच्या तोंडाशी असलेल्या पाणकोटच्या किल्ल्यात माहितीचे फलक लागणार होते. सहा फलक, त्यातला एक बत्तीचा. बाबाजी त्या बत्तीचे शेवटचे रखवालदार.

"आधी मी काय लिहिलंय ते सांगते आजी, चुकलं तर थांबवा," असं म्हणून तिने वाचायला सुरुवात केली. किल्ला फिरंग्यांनी बांधला, मग मराठ्यांनी घेतला, मग इंग्रजांच्या हाती गेला. भाईंदरचं मीठ घेऊन मचवे रात्री खाडीबाहेर पडायचे, त्यांच्यासाठी उत्तरेच्या बुरुजावर खांबाला तेलाचा कंदील टांगायचे. तो वादळात दोनदा उडून गेला, तेव्हा इंग्रजांनी बुरुजावरच दगडी मनोरा बांधला. वर काचेची खोली, आत रॉकेलची बत्ती. शहाण्णव साली वीज आली, बत्ती आपोआप लागायला लागली आणि माणूस काढून घेतला. आता सोलर.

"बरोबर आहे?"

"असेल," सुगंधाबाई म्हणाल्या. "फिरंग्यांचं मला काय ठाऊक. आम्ही एकोणऐंशीला गेलो."

आरोहीने टॅब पुढे केला. बंदर खात्याच्या गोदामात तिला जुनी रजिस्टरं सापडली होती, त्यांचे फोटो. "हे बघा. सुरुवातीची चार वर्षं आजोबा एकच ओळ लिहितात. बत्ती सहा बावन्नला लावली, वारा पश्चिम, हवा ठीक. रोज तेच. आणि त्र्याऐंशीच्या पावसाळ्यापासून हे." तिने बोटाने पान मोठं केलं आणि वाचलं. "बत्ती लावली. समुद्र ताकासारखा. पलीकडचा दिवा दोनदा दिसेनासा झाला, मग दिसला. तीन मचवे आत आले, चौथा अजून नाही." मग खालची ओळ. "पहाटे चार. चौथा आला."

तिने टॅब सुगंधाबाईंकडे वळवला. "आजी, काय नजर होती हो आजोबांची! हे मला फलकावर जसंच्या तसं घ्यायचंय."

सुगंधाबाईंनी पानाकडे पाहिलं. 'मचवे'तल्या 'म'चं पोट उगाच फुगलेलं होतं. सातवीपर्यंतच्या शाळेत मास्तर त्यावरून छडी मारायचे.

"हं," त्या म्हणाल्या. "चहा टाकते." आणि गुडघ्यांवर हात दाबत उठल्या.

चहा होईपर्यंत आरोहीने त्यांना शुक्रवारी सकाळी किल्ल्यावर यायची गळ घातली. रिक्षाने नेईन, रिक्षाने आणीन, मनोरा चढायचा नाही, नुसतं खालून दाखवायचं. नाही म्हणायलाही जीव खर्च करावा लागतो, तेवढा त्यांच्यात नव्हता. त्या बरं म्हणाल्या.

त्या संध्याकाळी दिपेश आला तेव्हा पॅसेजमधला दिवा लावायचा राहिला होता. दार उघडून तो उंबऱ्यावरच थांबला. मग डावा हात भिंतीला लावून, पाय जमिनीवरून घासत आत यायला लागला. स्वयंपाकघरातून नेहाचा आवाज आला, अगदी सहज, कपबशा विसळता विसळता. "अहो, उजवीकडे स्टूल आहे."

"माहितीये," तो चिडून म्हणाला आणि स्टुलाला वळसा घातला.

सुगंधाबाई पलंगावर बसून बघत होत्या. आठ महिने त्या हे बघत होत्या. सोसायटीच्या जिन्यावर नेहा त्याच्या अर्धं पाऊल पुढे चालते, पायरी संपली की उगाच काहीतरी बोलते, रस्त्यात त्याचा दंड धरते आणि लोकांना वाटावं की नवराबायकोचं अजून छान चाललंय. दिपेश दरवर्षी वाढदिवसाच्या आसपास साखर तपासून यायचा. रिपोर्ट नॉर्मल आला की आईला दाखवायचा. "बाबांसारखे डोळे नाही घालवणार मी." घरात सगळ्यांना हेच माहीत होतं की बाबांचे डोळे साखरेने गेले.

ते खरं नव्हतं.

त्र्याऐंशीच्या ऑगस्टमध्ये बाबाजी बुरुजाच्या पायऱ्यांवरून पडले. नडगी फुटली. शेवाळ होतं, म्हणाले. त्याच आठवड्यात किल्ल्यातल्या त्यांच्या क्वार्टरमधल्या कंदिलाची काच तडकली, तेव्हा अंधारात जेवताना त्यांचा हात तांब्या शोधत ताटाभोवती फिरत राहिला. तांब्या समोरच होता. सुगंधाबाई तेव्हा अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. त्यांनी बाबाजींच्या डोळ्यांपुढे बोट नाचवलं. पापणीही हलली नाही.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"वर्ष झालं." त्यांनी तांब्या चाचपून जवळ ओढला. "मला बत्ती दिसते सुगंधा. बत्तीच्या पलीकडे सगळं काळं."

बाबाजींचे चुलते, गुहागरकडच्या गावातले नानाकाका, संध्याकाळ झाली की घरातल्या कुणाच्या तरी खांद्यावर हात ठेवून चालायचे. सुगंधाबाईंनी ते लग्नाच्या वर्षीच पाहिलं होतं. म्हणजे काय आहे ते दोघांनाही कळलं होतं. खात्याला कळलं असतं तर नोकरी गेली असती, नोकरीबरोबर क्वार्टर गेलं असतं आणि तीन वर्षांच्या दिपेशला घेऊन परत गावी जावं लागलं असतं. खात्याची डोळ्यांची तपासणी दिवसाउजेडी व्हायची, भिंतीवरची अक्षरं वाचायची. त्यात बाबाजी दर वेळी पास.

मग ते सुरू झालं. ऊन उतरायला लागलं की दिपेशला भरवून झोपवायचं, बाहेरून कडी लावायची. बाबाजींच्या हातात पदराचं टोक द्यायचं आणि एकतीस पायऱ्या चढायच्या. वर बत्तीच्या उजेडात त्यांचे हात सगळं करायचे. पंप मारायचा, मेंटलची जळालेली जाळी बदलायची, काच पुसायची. काचेबाहेर बघायचं काम सुगंधाबाईंचं. कुठली होडी आली, पलीकडच्या किनाऱ्यावरचा दिवा दिसतो का, धुकं कुठवर आलं. दोन तासांनी बत्तीतली हवा कमी व्हायची, तेव्हा त्यांना हलवून उठवायचं. मधे एकदा खाली उतरून पोराला बघून यायचं. रजिस्टर आधी ते सांगायचे आणि त्या लिहायच्या. नंतर त्यांनी सांगणं सोडलं. जे दिसत नाही ते काय सांगणार? पहाटे बत्ती मालवून खाली आलं की विहिरीचं पाणी, चूल, पोराची शाळा. झोप मिळायची ती दहा ते बारा. तेरा वर्षं.

त्यांना कुणाचा राग आला नव्हता तेव्हा. राग यायलाही सवड लागते. फक्त एक धाक होता, कायमचा. कुणी बघितलं तर? कुणी बोललं तर? विहिरीवर कोळणींशीसुद्धा त्या दोन शब्दांपेक्षा जास्त बोलल्या नाहीत. वीज आली आणि बाबाजींची बदली ऑफिसात झाली, दिवसाच्या कामावर, तेव्हा भाड्याच्या खोलीत रात्रभर झोपायला मिळालं, तर झोपच येईना. पुढे बाबाजींना दिवसाही बाजूचं दिसेनासं झालं. त्याच सुमारास रक्तात साखर निघाली. "साखरेनं गेले डोळे," असं तेच आल्यागेल्याला सांगायला लागले आणि सुगंधाबाईंनी मान डोलावली. ते जाईपर्यंत, आणि गेल्यावरही.

शुक्रवारी सकाळी नऊला रिक्षा पाणकोटच्या दरवाजाशी थांबली. किल्ल्याच्या आत आता कसलंच काही राहिलेलं नव्हतं. तटाच्या सावलीत कोळणींनी बांबूंवर बोंबील वाळत घातले होते, मधल्या मोकळ्या जागेत कुणीतरी स्टंप ठोकून ठेवले होते आणि एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढून घेत होतं. क्वार्टरच्या जागी नुसता चौथरा. मनोरा तेवढा होता, पांढरा रंग दिलेला, दाराला मोठं कुलूप, डोक्यावर सोलरचं पॅनल.

"बसा आजी," आरोहीने एका दगडावर ओढणी अंथरली. "कुठल्या खिडकीत बसायचे आजोबा?"

सुगंधाबाईंनी वर बघितलं. मान दुखली म्हणून परत खाली घातली. "पश्चिमेच्या."

बोंबलांच्या मांडवाखालून एक म्हातारी त्यांच्याकडे बघत होती. कंबरेत वाकलेली, चापूनचोपून नेसलेलं हिरवं लुगडं, हातात टोपली. जवळ आली, अगदी तोंडाजवळ तोंड आणलं आणि म्हणाली, "बत्तीवाली ना तू?"

"चंद्रावती?"

"मग कोन! मना वालखलास म्हंजे मरत न्हाय इतक्यात." ती टोपली ठेवून शेजारी टेकली. चंद्रावतीचा नवरा धर्माजी गावातला मोठा तांडेल होता, तीन होड्यांचा. तो गेल्याला बारा वर्षं झाली, असं तिने सांगितलं. मग विचारलं, "मास्तर?" बाबाजींना गाव मास्तर म्हणायचं.

"पाच वर्षं झाली."

"चांगला मानूस व्हता." तिने आरोहीकडे हनुवटी केली. "ही नात काय?"

"नाही. बत्तीचा इतिहास लिहितेय. फलक लावणार आहेत इथं."

"इतिहास? लिव लिव." चंद्रावतीला हसू आलं. "मास्तरचा लिव आन हिचा पन लिव. मास्तरला रातचा दिसत न्हवता. बत्ती तं हीच बघायची."

आरोहीने टॅबवरून मान वर केली. सुगंधाबाईंच्या कानात गरम वारा शिरल्यासारखं झालं.

"काय बोलतेस?" त्या म्हणाल्या. "कुणी सांगितलं तुला?"

"सांगाया कशाला पायजेल? दर्यातून दिसत व्हता की. बत्ती मागून लागली की काचेवर सावली पडायची. डोक्यावर पदर असलेली. मास्तर काय पदर घेत व्हता?" ती आरोहीकडे वळली. "गावात सगल्यांना ठावं व्हता. बारक्या पोरांना पन. आमचा म्हातारा होडी आत घालताना म्हनायचा, बाई जागी हाय, घाल बिनधास."

"सगळ्यांना?" सुगंधाबाईंनी विचारलं.

"तुना काय वाटला? खात्याच्या साहेबाची लांच सांजची जेटीला लागली की मी कोलंबी घेऊन तुज्या दारात कशाला येवाची? म्हातारा त्याला जेटीवर बोलन्यात धरून ठेवायचा आन मी पलत यायची."

सुगंधाबाईंना ते आठवत होतं. पाच-सहा वेळा तरी. चंद्रावती धापा टाकत यायची, कोळंबीची वाटी ठेवायची आणि जाता जाता म्हणायची, साहेब आलाय वाटतं जेटीवर. त्या घाईघाईने बाबाजींना वर पोचवून, खुर्चीत बसवून खाली यायच्या आणि देवाचे आभार मानायच्या, की आजही बाईच्या तोंडून वेळेवर कळलं.

त्यांना हायसं वाटायला हवं होतं. तसं काहीच झालं नाही. उलट अंगातलं उरलंसुरलं बळ कुणी काढून घेतल्यासारखं वाटलं. तेरा वर्षं त्या दारं लावून घेत होत्या, दोन शब्दांवर तिसरा बोलत नव्हत्या. विहिरीवर बायका हसल्या तरी त्यांच्या छातीत धस्स व्हायचं.

"एकदा तरी म्हणायचं होतंस मला," त्या म्हणाल्या. आवाज त्यांच्या मनात होता त्यापेक्षा बारीक निघाला. "एकदा. मी कुणापाशी रडले नाही गं तेरा वर्षं."

चंद्रावतीने बोंबलांवर बसलेला कावळा हाताने हाकलला.

"म्हनला असता तं तू घाबरली असतीस. घाबरून मास्तरला घेऊन निंगाली असतीस. मग बत्ती कोन बघनार? नवीन मानूस दारू पिऊन झोपला तं?" तिने सरळ सुगंधाबाईंच्या डोळ्यांत बघितलं. "खोटा कशाला बोलू. आमाला बत्ती पायजेल व्हती. तुजा काय व्हतंय ते आमी न्हाय बघला."

दोघी म्हाताऱ्या शेजारी शेजारी बसून राहिल्या. फोटोवाला नवरीला तटावर चढायला सांगत होता. जरा वेळाने चंद्रावतीनेच विचारलं, "पोराचे डोले बरे हायत ना?"

"का?"

"आमच्या पाड्यावर एक घर हाय. आज्याचा बापाला, बापाचा पोराला. त्यांच्यात कोन रातचा होडीवर जात न्हाय. पोर सोला वर्षांचा झाला की सांगूनच टाकतात, आपला असा हाय, तू दुसरा धंदा बघ." ती उठली, कंबरेवर हात ठेवून. "तुज्या पोराला सांगलास ना?"

सुगंधाबाईंनी मान हलवली. हो की नाही ते चंद्रावतीला कळलं नसावं. तिने कागदात बांधून मूठभर बोंबील त्यांच्या पिशवीत टाकले आणि मांडवाखाली निघून गेली.

परतताना रिक्षात, भाईंदरचं फाटक मागे पडल्यावर आरोहीने विचारलं, "आजी, ते रजिस्टर तुमचं आहे. हो ना?"

"हो."

"मी लिहू का हे?"

"थांब जरा," सुगंधाबाई म्हणाल्या. "आधी एकाला सांगायचंय. ते जमलं तर बघू."

जमायला दोन दिवस गेले. शनिवारी दिपेशला सुट्टी नव्हती. रविवारी सकाळी दिव्या क्लासला गेली, दिपेश खिडकीशी पेपर घेऊन बसला होता, नेहा कांदेपोहे करत होती. सुगंधाबाईंनी तिला गॅस बंद करून बाहेर यायला सांगितलं. त्या कधी असं सांगायच्या नाहीत, म्हणून ती हात पुसत लगेच आली.

त्यांनी सजवून काही सांगितलं नाही. बाबांचे डोळे साखरेने गेले नव्हते. साखर नंतर आली. नानाकाकांनाही तेच होतं. पाणकोटला बत्ती मी बघायची. एवढं बोलून त्या थांबल्या आणि मग म्हणाल्या, "आणि तुला संध्याकाळचं दिसत नाही, ते मला दिसतंय."

दिपेशने पेपरची घडी घातली. परत उघडली. "कायतरी काय आई. पॅसेजचा बल्ब डिम आहे."

नेहा कोरडे झालेले हात पुसत राहिली.

"थकून येतो मी. दहा-दहा बिल्डिंग करतो दिवसाला. डोळ्यांवर ताण येतो, त्यात काय एवढं?" तो नेहाकडे बघून बोलत होता. नेहा बघत नव्हती. "नेहा?"

"दिवाळीच्या आठवड्यात तुम्ही काशीगावला पिटमध्ये पडलात," नेहा म्हणाली. लिफ्ट तळाला थांबते त्याच्याही खाली एक खड्डा असतो, त्यालाच ते पिट म्हणतात. "मला म्हणालात, शिडी सरकली. तुमच्याबरोबरच्या माणसाचा फोन आला होता मला. शिडी सरकली नव्हती. तुम्ही शिडी आहे तिथं पाय ठेवलाच नाही."

दिपेश उठून उभा राहिला. चव्वेचाळीस वर्षांचा, जाड खांद्यांचा माणूस, पण उभं राहून काय करायचं ते त्याला सुचेना.

"दरवर्षी मी साखर तपासतोय," तो आईला म्हणाला. "दरवर्षी. तुला आणून दाखवतोय रिपोर्ट. आणि तू बघत होतीस? हो का रे, बरं झालं बाळा, असं म्हणत होतीस?"

"हो."

"बाबांनी नोकरीसाठी लपवलं, समजू शकतो मी. नोकरी संपल्यावर काय होतं? मला काय म्हणून नाही सांगितलंत? मी हे लिफ्टच्या अंधाऱ्या शाफ्टमधलं काम घेतलं असतं का?"

"त्यांना लाज वाटायची," सुगंधाबाई म्हणाल्या. "आणि मला सवय झाली होती."

तो आत निघून गेला. दार आपटलं नाही, नुसतं लावून घेतलं. मग नेहा बोलायला लागली, हळू आवाजात.

"आई, मला वाटत होतं हे फक्त मलाच दिसतंय. मी वेड्यासारखी पायऱ्या मोजत चालते. हे स्कूटर घेऊन निघाले की येईपर्यंत माझ्या घशाखाली पाणी उतरत नाही. आणि तुम्ही आठ महिने बसून बघत होतात? तुम्हाला तर नावगाव माहीत होतं याचं."

"मला परत ते सगळं सुरू करायचं नव्हतं गं," सुगंधाबाई म्हणाल्या. "बोलले असते तर सुरू झालं असतं. बोलले नाही तर कदाचित नसेलच, असं वाटायचं. मी दमलेय नेहा. म्हातारपणानं नाही. तेव्हापासूनची दमलेय." त्यांनी पदर तोंडाला लावला, पण रडू आलं नाही. "तुला स्टूल आहे म्हणताना ऐकलं की मला पळून जावंसं वाटायचं."

नेहा तिथेच खाली बसली, फरशीवर, त्यांच्या पायांशी. दोघींपैकी कुणीच कुणाला जवळ घेतलं नाही. कांदेपोहे तसेच राहिले. दिव्या क्लासहून आली आणि तिने विचारलं, काय झालंय, तेव्हा आतून दिपेशच बाहेर आला आणि म्हणाला, "बस. तुलाही सांगायला पाहिजे."

डोळ्यांच्या हॉस्पिटलात तीन खेपा झाल्या. आजाराचं नाव लांबलचक निघालं. डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहून दिलं, मग साध्या शब्दांत सांगितलं की डोळ्यांच्या पडद्याचा रोग आहे, घराण्यात चालतो. औषध नाही, पण हळू जातो. दिवसाचं काम बरीच वर्षं करता येईल. अंधारातलं काम आणि संध्याकाळनंतर गाडी चालवणं आजपासून बंद. दिव्याचीही तपासणी झाली. सध्या काही नाही, दरवर्षी दाखवत राहायचं. "वीस वर्षांपूर्वी आला असतात तरी मी हेच सांगितलं असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. दिपेशने मान डोलावली, पण घरी येताना रिक्षात तो म्हणाला, "वीस वर्षांपूर्वी शिकलो असतो मी दुसरं काहीतरी." सुगंधाबाईंनी ते ऐकलं. ऐकून घेतलं.

कंपनीत त्याने स्वतः जाऊन सांगितलं. महिनाभर त्यांनी घोळवलं आणि मग ऑफिसात तक्रारींच्या फोनवर बसवलं. लोक लिफ्टमध्ये अडकतात, घाबरून फोन करतात, त्यांच्याशी माणूस पोचेपर्यंत बोलत राहायचं. दिपेशला हे काम कमीपणाचं वाटलं. पहिले काही आठवडे तो घरी कुणाशी बोलायचा नाही. स्कूटर खाली उभी होती, तिच्यावर धूळ चढली. आईशी तर तो जेवण, औषध आणि चावी, एवढ्यापुरतंच बोलायचा. सुगंधाबाईंनी त्याला समजावायला जायचं नाही असं ठरवलं. त्याचा राग खरा होता.

मार्चच्या शेवटी आरोहीने फलकाचा मजकूर पाठवला आणि विचारलं, आता ठेवू का? सुगंधाबाईंनी फोन दिपेशपुढे धरला. "तू सांग. बाबांचं नाव आहे यात."

त्याने फोन डोळ्यांजवळ नेऊन वाचला. दोनदा वाचला. फिरंगी, मराठे, इंग्रज, कंदील, मनोरा, सगळं होतं. मग बाबाजी शिगवण यांची सतरा वर्षं. त्याखाली लिहिलं होतं, की १९८३ नंतर त्यांची दृष्टी रात्री काम करेनाशी झाली आणि तेव्हापासून तेरा वर्षं बत्तीवरची नजर आणि रजिस्टर त्यांच्या पत्नी सुगंधा शिगवण यांनी सांभाळलं. गावाला हे माहीत होतं आणि गावाने ते खात्यापासून लपवून ठेवलं. त्यानंतर ती चौथ्या मचव्याची नोंद.

"तू मला बाहेरून कडी लावून जायचीस ना?" दिपेशने एकदम विचारलं. "मला आठवतंय ते. मी जागा व्हायचो. दार उघडायचं नाही. मला वाटायचं, मी काहीतरी केलंय."

"काही नव्हतं केलंस तू."

"हं." तो फोनकडेच बघत होता. "कधी आग लागली असती तर?"

"रोज तेच वाटायचं वर चढताना," सुगंधाबाई म्हणाल्या.

त्याने फोन परत दिला. "ठेव म्हणावं. आंधळा शब्द नाही वापरलाय, ते बरं केलंय. पण रोग घराण्यात चालतो, तेही घाल म्हणावं तिला. कुणी वाचेल तर वाचेल."

आरोहीने ते घातलं. फलक लागले त्या दिवशी छोटा कार्यक्रम होता, सुगंधाबाईंना बोलावणं होतं. त्या गेल्या नाहीत. नेहा आणि दिव्या जाऊन आल्या, फोटो दाखवले. चंद्रावती फलकापुढे उभी होती, तिला वाचता येत नव्हतं, दिव्याने तिला वाचून दाखवलं, तर म्हणाली, कोलंबीचा न्हाय लिवला. सुगंधाबाई त्यावर खूप दिवसांनी मोकळं हसल्या.

एप्रिलमध्ये एकदा संध्याकाळी दूध संपलं. नेहाची लॅबमध्ये उशिराची पाळी, दिव्या मैत्रिणीकडे. दिपेश ऑफिसातून येऊन बसला होता.

"मी आणतो," तो म्हणाला.

बाहेर उजेड जात चालला होता. सुगंधाबाईंचा हात आपोआप चपलांकडे गेला. दिपेशने ते पाहिलं. खिशातून त्याने टॉर्च काढला, लावून बघितला आणि हॉस्पिटलने दिलेली, घडी होणारी काठी उघडली. सोसायटीतल्या लोकांसमोर ती काठी तो त्या दिवसापर्यंत घेऊन गेला नव्हता.

"तू बस," तो म्हणाला. "गरज लागली तर वॉचमनला हाक मारेन. त्याला सांगून ठेवलंय मी."

तो गेला. जिन्यावर काठीचा टकटक आवाज आला, मधेच थांबला, कुणीतरी गुजरातीत काही विचारलं, दिपेशने हिंदीत उत्तर दिलं, "आँख का प्रॉब्लेम है भाई, शाम को दिखता नहीं," आणि टकटक परत सुरू झाली, खाली खाली जात राहिली. सुगंधाबाई दाराकडे तोंड करून बसल्या होत्या. खिडकीशी जाऊन रस्ता बघावा असं त्यांना दोनदा वाटलं. त्या उठल्या नाहीत. उशी ओढून घेतली, भिंतीला टेकल्या आणि दूध यायच्या आतच त्यांचा डोळा लागला.